वेबकॉमिक समीक्षा : सामाजिक विषयांची हाताळणी

वेबकॉमिक म्हणजे आंतरजालावर हप्त्याहप्त्याने येणारी चित्रमालिका. जात, लिंग, धर्म, आजार, गर्भपात, हिंसा यांसारख्या विषयांची तिच्यातली मांडणी कोणत्या चौकटीत फसली आणि का फसली, हे दाखवणाऱ्या समीक्षेची ही नोंद आहे. विषय महत्त्वाचा, हेतू प्रामाणिक, पण कॉमिक वाचायला नको वाटते, ही अवस्था इथे नेहमीची. हेतूला नमस्कार करून समीक्षकाला सरळ चौकटींकडे वळावे लागते.

वृत्तपत्रातल्या पट्टीवर, म्हणजे काही चौकटींच्या छोट्या चित्रकथेवर, संपादकाची नजर असते. ‘चिंटू’ १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाली तेव्हा तिला ठरावीक जागा, ठरावीक वेळ आणि छापण्याआधीचा एक वाचक होता. वेबकॉमिकला यातले काहीच नसते. लिहिणारा, काढणारा आणि प्रसिद्ध करणारा बहुतेकदा एकच, आणि पहिला वाचक थेट चव्हाट्यावरचा. आठवड्याला तीन पट्ट्या हे २०००च्या दशकात अमेरिकी वेबकॉमिकांचे सर्रास वेळापत्रक होते. त्या गतीने वर्षाला दीडशेच्या वर पट्ट्या होतात. घाईत घेतलेले निर्णय साचत जातात आणि पाच वर्षांनी एखादा गंभीर विषय आला की ते सगळे एकदम अंगावर येतात.

याचे सर्वांत चघळलेले उदाहरण म्हणजे टिम बकली यांच्या ‘कंट्रोल ऑल्ट डिलीट’ या मालिकेतली ‘लॉस’ ही पट्टी. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मित्रांवरची ही विनोदी मालिका २००२मध्ये सुरू झाली. २ जून २००८ला तिच्यात चार चौकटींची, एकही शब्द नसलेली पट्टी आली. पहिल्या चौकटीत नायक ईथन रुग्णालयाच्या दारातून धावत येतो. दुसरीत तो स्वागतकक्षातल्या बाईंशी बोलतो, तिसरीत डॉक्टरांशी. चौथीत त्याची जोडीदार लायला पलंगावर कुशीवर पडून रडते आहे आणि तो शेजारी उभा आहे. तिचा गर्भ पडला आहे. वाचकांनी या पट्टीची इतकी विडंबने केली की शेवटी नुसत्या रेषा उरल्या: एक उभी रेघ, मग एक उंच एक बुटकी, मग दोन सारख्या, मग एक उभी एक आडवी. आज पट्टी न पाहिलेले लोकही त्या रेषा ओळखतात.

मालिका विनोदी होती म्हणून पट्टी फसली, असे सोपे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. विनोदी मालिका हळूहळू गंभीर होत जाण्याला ‘सेरेबस सिंड्रोम’ असे नाव आहे. डेव्ह सिम यांचे ‘सेरेबस’ हे कॉमिक १९७७मध्ये विडंबन म्हणून सुरू झाले आणि २००४मध्ये ३००व्या अंकावर थांबेपर्यंत पार वेगळे होऊन बसले, त्यावरून ते पडले. असा बदल पेलणाऱ्या मालिकाही आहेत. ‘लॉस’ची अडचण चौकटींच्या वाटपात आहे. चारही चौकटींत ईथन आहे, लायला फक्त शेवटच्या एकीत. जिच्या शरीरात हे घडले तिला पट्टीचा चौथा हिस्सा, तोही चेहरा आक्रसून पडलेल्या अवस्थेत. मधल्या दोन चौकटी नुसत्या चौकशीच्या आहेत. त्यांतून नवे काही कळत नाही, फक्त नायकाची धावपळ लांबते. शब्द गाळल्याने गांभीर्य येईल हा हिशेबही चुकला. एरवी संवादाच्या फुग्यांनी खचाखच भरलेल्या मालिकेत अचानक आलेले मौन वाचकाला दुःखाइतकेच ‘आता गंभीर व्हा’ या पाटीसारखे दिसते.

बाईच्या वाट्याला आलेली आपत्ती पुरुष पात्राच्या वाढीसाठी वापरणे हा दोष कॉमिक्सवाल्यांना जुना परिचित आहे. ‘ग्रीन लँटर्न’ या सुपरहिरो कॉमिकच्या १९९४च्या ५४व्या अंकात नायकाला त्याच्या मैत्रिणीचे प्रेत फ्रिजमध्ये सापडते. त्यावरून पुढे कॉमिक्स-लेखिका झालेल्या गेल सिमोन यांनी १९९९मध्ये अशा पात्रांची यादी केली आणि ‘फ्रिजमधल्या बायका’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. समीक्षकाने तो शिक्का म्हणून मारू नये. ही घटना गाळली तर कोणाची कथा थांबते, एवढा प्रश्न विचारावा. फक्त नायकाची थांबत असेल तर दोष आहे.

वाचनाची पद्धत

पहिले वाचन फोनवर, वाचक म्हणून, काही न टिपता करावे. कंटाळा कुठे आला आणि कुठल्या पट्टीला परत मागे जावेसे वाटले, एवढेच लक्षात ठेवावे. दुसरे वाचन वही घेऊन. प्रत्येक पट्टीसाठी सहा रकाने पुरतात: तारीख, चौकटींची संख्या, प्रत्येक फुग्यातले शब्द, कोण बोलते, कोणाला नाव आहे, आणि शेवटच्या चौकटीत कोणाचा चेहरा आहे. एकेका पट्टीत संपणारी विनोदी मालिका असेल तर सलग चाळीस-पन्नास पट्ट्या, शिवाय पहिल्या दहा आणि ताज्या दहा. लांब कथा असेल तर किमान एक पूर्ण कथाभाग. फक्त पहिल्या दहा पट्ट्यांवर निकाल देणे म्हणजे तालमीला नाटकाचे परीक्षण लिहिणे. तिथे हात कच्चा असणारच.

शब्दमोजणी कंटाळवाणी असते, पण तिच्यासारखा पुरावा नाही. इंग्रजी कॉमिक्समध्ये एका चौकटीत सुमारे ३५ शब्द ही जुनी कामचलाऊ मर्यादा आहे. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतात, म्हणून वीस-बावीसच्या पुढे फुगा चित्र खाऊ लागतो. सामाजिक विषय आला की हा आकडा एकदम दुप्पट होतो. तिथेच बहुधा पात्राचा भोंगा झालेला असतो: तोंड पात्राचे, भाषण लेखकाचे.

नमुन्यादाखल बेतलेली एक पट्टी पाहा. पहिली चौकट: सोसायटीतल्या एका घरात कामाला येणाऱ्या मावशी ओट्याखालच्या फळीवरून कान तुटलेला कप काढतात. दुसरी: कॉलेजात जाणारी मुलगी आईला म्हणते, “आई, मावशींचा कप वेगळा का? ही अस्पृश्यता आहे! संविधानाच्या कलम १७ने ती नष्ट केली आहे आणि ती पाळणं हा कायद्यानं गुन्हा आहे!” तिसरी: आईची मान खाली. चौथी: मुलगी स्वतःच्या कपात चहा देते, मावशींच्या डोळ्यांत पाणी, “ताई, तुमी देवमानूस हाय.”

पहिल्या चौकटीत सगळे कॉमिक आहे. ओट्याखालची फळी आणि तुटलेला कान यांनी जे सांगितले तेच दुसरी चौकट वीसेक शब्दांत पुन्हा सांगते, म्हणजे चित्रावर लेखकाचा भरवसा नाही. आई गप्प बसते, कारण तिला बोलू दिले तर मुलीला एवढ्या सहज जिंकता येणार नाही. खऱ्या घरात आई गप्प बसत नाही. ती म्हणते, “तिलाच तो कप आवडतो,” किंवा “आमच्याकडे असलं काही नाही हं, फक्त स्वच्छता.” विषयाचे हाड या वाक्यात आहे आणि पट्टीने नेमके तेच काढून टाकले. मावशींना नाव नाही. शेवटी डोळ्यांत पाणी त्यांच्या असले तरी कौतुक मुलीचे आहे. आणि ‘तुमी देवमानूस हाय’ ही बोली नक्की कुठली?

या शेवटच्या प्रश्नावर मराठी समीक्षकाने अडून बसावे. कष्टकरी पात्राच्या तोंडी ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘काहून’ हे एकाच फुग्यात येते तेव्हा सातारा-सोलापूरकडची आणि वऱ्हाडची माणसे एका माणसात कोंबलेली असतात. लेखकाला त्यातून ‘गावाकडची’ एवढेच सांगायचे असते. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी यांची क्रियापदे वेगळी, संबोधने वेगळी. माहीत नसेल तर साधी बोलभाषा वापरावी, ती कोणाचा अपमान करत नाही. घरातले बाकीचे सगळे प्रमाण मराठी बोलतात आणि फक्त मावशी बोलीत बोलतात, हे पाहूनही पुष्कळ कळते.

तीच पट्टी दुरुस्त करायची तर पहिली चौकट तशीच ठेवावी. दुसरीत आई फोनवर: “आमच्याकडे सगळं एकच असतं हो.” तिसरीत दोन कप शेजारी. घरच्या कपात आई पातेले टेकवून चहा ओतते, तुटक्या कपात ओतताना मात्र पातेले किंचित उंच धरते. चौथीत धुतलेला कप फळीवर एकटा उपडा. सगळी मिळून एक फुगा, पाच शब्द. मुलगी लागतच नाही.

कुठे काय बिघडते

चौकटींमधली मोकळी फट हे कॉमिकचे खास हत्यार आहे. दोन चौकटींमध्ये काय घडले ते वाचक स्वतः भरतो, ही गोष्ट कॉमिककार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३मध्ये नीट मांडली. अत्याचाराच्या प्रसंगात हीच फट जपून वापरावी लागते. मारहाण चौकट-चौकट दाखवली तर वाचक प्रेक्षक होतो. दार बंद होताना दाखवून पुढच्या चौकटीत सकाळ दाखवली तर मधले त्याला स्वतः भरावे लागते. चित्र कोणाच्या डोळ्यांतून काढले आहे हेही तपासावे. वरून खाली, हल्लेखोराच्या उंचीवरून काढलेली बाई हे प्रदर्शन होते, मग फुग्यात निषेध कितीही असो.

पडद्याचा आकारही यात येतो. कोरियात २००३-०४च्या सुमारास रुळलेल्या वेबटूनमध्ये, म्हणजे वरून खाली सरकवत वाचायच्या उभ्या कॉमिकमध्ये, फट म्हणजे वेळ. ८०० पिक्सेल रुंद पट्टीत दोन चौकटींमध्ये पडदाभर पांढरी जागा सोडली की अंगठा फिरेपर्यंत वाचक थांबतो. इन्स्टाग्रामवर तीच कामगिरी बोटाने पुढे सरकवण्याची असते. तिथे २०१७पासून एका पोस्टमध्ये दहा चित्रे चालत, २०२४मध्ये वीस झाली. जागा वाढली तसे शेवटचे दोन-तीन चौकोन माहितीपत्रक होऊ लागले: आकडेवारी, मदत क्रमांक, ‘जरूर शेअर करा’. मदत क्रमांक उपयोगाचा, तो मजकुरात द्यावा. कथेच्या शेवटच्या चौकटीला तो चिकटला की कथा त्याची जाहिरात ठरते.

आठ मार्च आणि चौदा एप्रिलला उगवणारी कॉमिके वेगळ्या वहीत ठेवावीत. वर्षभर ज्या मालिकेत बायका फक्त बायको म्हणून येतात, तिच्या आठ मार्चच्या पट्टीचे परीक्षण आदल्या दिवसाच्या पट्टीसह करावे.

विनोदाचा नेम कोणावर, हे शेवटच्या चौकटीवरून ठरते. हुंडा मागणाऱ्यावर पट्टी असते आणि हसू मात्र जाड्या नवरीवर येते, हे सवयीने घडते. काढणाऱ्याच्या हातात ‘हसण्याजोगी माणसे’ आधीच तयार असतात.

चित्र साधे असणे हा दोष नव्हे. रायन नॉर्थ यांचे ‘डायनोसॉर कॉमिक्स’ २००३पासून तीच सहा चित्रे वापरते, बदलतो तो मजकूर, आणि ते चालते. रचिता तनेजा यांची ‘सॅनिटरी पॅनल्स’ काड्यांच्या माणसांवर उभी आहे. उलट छायाप्रकाशासकट रंगवलेल्या पट्टीत सगळे चांगले लोक गोरे आणि सगळे गुंड सावळे असू शकतात. रंगाची निवड तपासायची तर रंगपटातून त्वचेचा नमुना उचलून पात्रवार शेजारी मांडावा. डोळा फसतो, नमुना फसत नाही.

फुगा नुसता डबा नसतो, हे दाखवायला ‘भीमायन’ हाताशी ठेवावे. २०११चे हे पुस्तक वेबकॉमिक नाही, पण दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांनी त्यात डॉ. आंबेडकरांचे चरित्र, त्यात महाडचे पाणीही आले, ठोकळेबाज चौकटींशिवाय काढले आहे. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. कोण अन्याय करतो हे सांगायला तिथे भाषण लागत नाही.

अक्षरजुळणीकडे मराठी समीक्षक सहसा बघत नाहीत, ते चूक आहे. चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते, ‘दुसऱ्या’तला अर्धा र सुटतो, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. बलात्कारावरच्या पट्टीत ‘स्त्री’ हा शब्द फुटलेला दिसला की वाचक तिथेच अडखळतो. मात्रा, वेलांट्या आणि उकार यांमुळे देवनागरीला रोमनपेक्षा ओळींत जास्त अंतर लागते. इंग्रजी फुग्यात मजकूर बदलून टाकला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात.

मोजपट्ट्या आणि समीक्षकाच्या चुका

ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५च्या एका पट्टीतून आलेली कसोटी सर्वांना ठाऊक असते: दोन स्त्रिया, त्या एकमेकींशी बोलतात, आणि पुरुषाखेरीज कशाबद्दल तरी बोलतात. ती मुळात विनोदी पट्टीतली, सिनेमांबद्दलची तक्रार होती. रद्दड कॉमिक तिच्यात पास होते आणि एका बाईच्या एकटेपणावरचे उत्तम कॉमिक नापास. दोनशे पट्ट्यांवर ती लावून कल पाहावा, एका पट्टीवर लावू नये.

समीक्षा वाईट होते ती बहुतेक दोन मार्गांनी. एक, काढणाऱ्याची जात, लिंग, गाव शोधून काढून त्यावरून कॉमिकचा निकाल देणे. अनुभव असलेला माणूसही फुगा चुकीच्या जागी ठेवू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे मधलीच चौकट कापून फिरवणे. पूर्वग्रह बोलून दाखवणारे पात्र आणि पूर्वग्रह असलेले कॉमिक यांतला फरक अनेकदा पुढच्या चौकटीत असतो, आणि नेमकी तीच कापलेली असते.

उद्धृत करताना भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७च्या कलम ५२मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला सूट आहे. मुद्द्याला लागतील तेवढ्याच चौकटी घ्याव्यात, काढणाऱ्याचे नाव आणि पट्टीची तारीख द्यावी, त्याची सही किंवा खूण कापू नये. चौकट कापली तर तिच्या आधीच्या आणि नंतरच्या चौकटीची कड दिसू द्यावी आणि चार पैकी कितवी हे खाली लिहावे. काढणाऱ्याने नंतर पट्टी बदलली असेल तर जुनी कोणत्या तारखेला पाहिली तेही नोंदवावे. वेबकॉमिक गुपचूप दुरुस्त होते, आणि मग समीक्षाच खोटी दिसू लागते.