घरावरील सौर संच : सात-आठ वर्षांनंतरचा खरा हिशेब
(आमच्या जुन्या व नव्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सांगली, मिरज आणि कोल्हापूर परिसरातील ज्या घरांवर आम्ही २०१७ ते २०१९ या काळात सौर संच बसवले, त्या ग्राहकांकडून सध्या एकच प्रश्न वारंवार येतो, तो म्हणजे घातलेले पैसे सत्कारणी लागले की नाही. नव्याने चौकशीला येणाऱ्या मंडळींनाही जाहिरातीतील आकड्यांपेक्षा याच प्रश्नाचे उत्तर हवे असते. बहुतेक घरांच्या बाबतीत आमचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु काही घरांच्या बाबतीत ते तसे नाही, आणि ती घरे कोणती व का, हे स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. फायदा किती झाला हे पॅनेलच्या कंपनीवर फारसे ठरत नाही. आपल्या घराचा वीजवापर दर महिन्याला कोणत्या टप्प्यात जातो आणि संच त्या वापराला साजेसा घेतला होता का, यावर ते ठरते.

वीजबिलाचे टप्पे आणि संचाचा आकार

महावितरणच्या घरगुती बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे युनिटचे टप्पे असतात. पहिल्या शंभर युनिटनंतरचा दर जवळजवळ दुप्पट होतो आणि तीनशेच्या पुढे तो आणखी चढतो. त्याशिवाय वहन आकार (तारांतून वीज पोहोचवण्याचा खर्च), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या भावातील चढउतारासाठीची रक्कम) आणि या सर्वांवर १६ टक्के विद्युत शुल्क लागते. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, असलेल्या घरात संचाने दिलेली वीज एकूण वापरातून वजा होते आणि उरलेल्या युनिटना टप्प्यांचे दर लागतात, म्हणजेच संच सर्वांत आधी महाग युनिट कमी करतो आणि स्वस्त युनिटपर्यंत शेवटी पोहोचतो. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली, की पुढचा सारा हिशेब उलगडतो.

एक उदाहरण घेऊ. महिन्याला ३५० युनिट वापरणारे घर आहे आणि तेथे ३ किलोवॅटचा संच किलोवॅटला ६०,००० रुपये या भावाने, अनुदानाशिवाय बसवला आहे. आपल्या भागात एक किलोवॅटपासून वर्षभराच्या सरासरीने महिन्याला साधारण ११५ युनिट मिळतात. हिशेबापुरता सर्व आकार धरून पहिल्या टप्प्यातील युनिट साडेपाच रुपयांना, दुसऱ्यातील दहा रुपयांना आणि तिसऱ्यातील साडेतेरा रुपयांना पडते असे मानू. पहिले दोन किलोवॅट महिन्याला २३० युनिट देतात. त्यांतील ५० युनिट तिसऱ्या टप्प्यातील आणि १८० दुसऱ्या टप्प्यातील वाचतात, म्हणजे महिन्याला २,४७५ रुपयांची बचत होते. या दोन किलोवॅटचे १,२०,००० रुपये चार वर्षांत वसूल होतात. तिसरा किलोवॅट मात्र दुसऱ्या टप्प्यातील उरलेली २० आणि पहिल्या टप्प्यातील ९५ युनिट वाचवतो, त्याची महिन्याची बचत ७२२ रुपये भरते आणि त्याचे ६०,००० रुपये परत मिळायला सात वर्षे लागतात. एकत्र पाहिले तर हा संच पाच वर्षांच्या आतच फिटतो. अशा घरात कोणी ‘मोठाच घ्या’ या आग्रहापोटी चौथा किलोवॅट बसवला असेल, तर त्याची जवळजवळ सगळी वीज शिल्लक म्हणून मीटरच्या खाती जमा होत राहते. या शिल्लक युनिटचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चला होतो आणि त्यांना मिळणारा दर आपण वीज घेताना मोजतो त्या दराच्या तुलनेत फारच कमी असतो.

आता हाच ३ किलोवॅटचा संच महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या घरावर असेल, तर त्या घराची बचत वरच्याच दरांनी महिन्याला ७५० रुपये, म्हणजे वर्षाला ९,००० रुपये होते. १,८०,००० रुपये फिटायला वीस वर्षे लागतील. ज्या ग्राहकांनी आम्हाला ‘काही फायदा झाला नाही’ असे सांगितले, त्यांतील बऱ्याच जणांच्या बाबतीत खरे कारण हेच निघाले. संचात बिघाड नव्हता, तो घराच्या मानाने मोठा होता. सुरुवातीच्या काळात आम्हीही काही ठिकाणी बिल न तपासता गच्चीच्या मापाने संच सुचवले, ही चूक आम्ही मान्य करतो. आता मागील बारा महिन्यांची बिले पाहिल्याशिवाय आम्ही कोणालाही संचाचा आकार सांगत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेमुळे नव्या ग्राहकांचे गणित बरेच सुधारले आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे एकूण ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तीन किलोवॅटच्या पुढे कितीही मोठा संच घेतला तरी अनुदान तेवढेच राहते. त्यासाठी पॅनेल देशात बनलेल्या सेलचे (पॅनेलमधील वीज तयार करणाऱ्या छोट्या चकत्यांचे) असावे लागते. २०२५ च्या सप्टेंबरपासून सौर साहित्यावरील जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तरीही बिलात स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी दरमहाची रक्कम, राहतोच, त्यामुळे ‘बिल शून्य येईल’ असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

‘पॅनेल उतरले’ असे वाटते तेव्हा

चौथ्या-पाचव्या वर्षी बिल पुन्हा वाढू लागले की पॅनेल निकामी झाले, असा बहुतेकांचा समज होतो. पॅनेलची क्षमता वयानुसार घटते हे खरे आहे. परंतु चांगल्या पॅनेलमध्ये ही घट पहिल्या वर्षी दोन टक्क्यांच्या आसपास आणि पुढे दरवर्षी अर्धा ते पाऊण टक्का एवढीच असते, आणि पंचवीस वर्षांनी किमान ८० टक्के क्षमता राहील अशी हमी बहुतेक उत्पादक देतात. पहिल्या वर्षी ४,१४० युनिट देणारा ३ किलोवॅटचा संच सातव्या-आठव्या वर्षी ३,९०० च्या आसपास देत असेल, तर तो पूर्णपणे निरोगी आहे. हा आकडा ३,५०० च्या खाली गेला असेल, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे आणि आपण आम्हाला कळवावे.

हा आकडा बिलावर शोधू नये. बिलावर आपण महावितरणकडून घेतलेली आणि त्यांना दिलेली युनिट दिसतात. दिवसा घरातच वापरली गेलेली सौर वीज त्यात कोठेच येत नाही. एकूण निर्मिती इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर किंवा त्याच्या मोबाइल अॅपवर दिसते. वर्षाच्या निर्मितीत महावितरणकडून घेतलेली युनिट मिळवावीत आणि त्यांना दिलेली युनिट वजा करावीत, म्हणजे आपल्या घराचा खरा वापर कळतो. बिल वाढल्याची तक्रार घेऊन आलेल्या अनेक ग्राहकांसोबत आम्ही ही बेरीज-वजाबाकी केली, तेव्हा मधल्या काळात घरात आलेला दुसरा एसी, इंडक्शन शेगडी किंवा विजेवर चालणारी स्कूटर हेच कारण निघाले. याचा अर्थ संचाने काम सोडले असा नाही. तो नसता तर तेच बिल याहून किती मोठे आले असते, हे त्याच बेरजेतून दिसते.

निर्मितीची तुलना नेहमी मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी. जून ते ऑगस्टमध्ये ढगांमुळे निर्मिती बरीच खाली येते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन कडक असूनही अपेक्षेएवढी वाढ दिसत नाही, कारण पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते आणि गच्चीवर त्याच्या सेलचे तापमान ६० अंशांपर्यंत चढते, तेव्हा दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के या हिशेबाने १२ ते १४ टक्के वीज कमी मिळते.

काजळी, क्षार आणि सावली

आमच्या भागात संचाचे सर्वांत मोठे नुकसान उसाच्या हंगामात होते. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की धुराड्यांतून उडणारी राख आणि शेतात जाळलेल्या पाचटाची काजळी पॅनेलवर बसते. ती साध्या धुळीसारखी वाऱ्याने उडून जात नाही, पहाटेच्या दवाने काचेला चिकटते. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च या काळात दर पंधरा दिवसांनी पॅनेल धुणे आवश्यक आहे. इतर वेळी महिन्यातून एकदा धुतले तरी पुरते आणि पावसाळ्यात बहुधा गरज पडत नाही.

धुण्याचे पाणीही पाहावे लागते. कृष्णाकाठच्या अनेक गावांत बोअरचे पाणी क्षारांचे आहे. ते काचेवर वाळले की पांढरा थर धरतो, विशेषतः चौकटीच्या खालच्या कडेला, आणि तेथील सेलची ओळ कायमची झाकली जाते. नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, मऊ कापड किंवा स्पंज घ्यावा, कपड्यांची पावडर आणि भांड्यांची घासणी कटाक्षाने टाळावी. धुणे सूर्योदयाच्या सुमारास किंवा सूर्यास्तानंतर करावे, कारण दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकू शकते. पॅनेलवर पाय ठेवून कोणालाही उभे राहू देऊ नये. त्याने आत पडलेल्या बारीक भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, निर्मितीत मात्र दिसतात.

सावलीचा परिणाम तिच्या आकाराच्या मानाने फार मोठा असतो. एका पॅनेलमधील सेल साधारणपणे तीन गटांत जोडलेले असतात आणि डिशच्या खांबाची अरुंद सावली एका गटावर पडली, तरी तो संपूर्ण गट बंद पडू शकतो. संच बसवताना नसलेली शेजारची इमारत, वाढलेला नारळ, नंतर चढवलेली पाण्याची टाकी, यांमुळे चांगले चाललेले संच मागे पडलेले आम्ही पाहिले आहेत. अशा वेळी पॅनेलची जागा बदलून देणे बहुधा शक्य असते.

पूर आणि वीजगळती

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत आमच्या काही ग्राहकांचे इन्व्हर्टर पाण्याखाली गेले, कारण ते पार्किंगच्या भिंतीवर बसवलेले होते. पॅनेलला मात्र काहीही झाले नाही. तेव्हापासून पूररेषेजवळच्या घरांत आम्ही इन्व्हर्टर वरच्या मजल्यावरच बसवतो, आणि ज्यांचा अजून खाली आहे त्यांनी पावसाळ्याआधी तो हलवून घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. पाण्यात बुडालेल्या संचाला हात लावू नये. मुख्य स्विच बंद केला तरी दिवसा पॅनेलपासून येणाऱ्या तारांत वीज असतेच, ही गोष्ट घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, ठाऊक असली पाहिजे. अर्थिंगची तपासणी दरवर्षी उन्हाळ्यात करून घ्यावी.

महावितरणची वीज गेली की आपला संचही बंद पडतो, याबद्दल आमच्याकडे अजूनही तक्रारी येतात. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी केलेली ही योजना आहे, तो बिघाड नव्हे. वीज गेल्यावरही घर चालावे असे वाटत असेल, तर बॅटरी लागते. परंतु बॅटरीचा खर्च संच फिटण्याचा काळ बराच लांबवतो, म्हणून दिवसाला तास-दोन तासच वीज जात असेल तर ती केवळ बचतीसाठी घेऊ नये असे आमचे मत आहे.

इन्व्हर्टर बदलण्याची वेळ आणि पॅनेल बदलण्याचा आग्रह

पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. त्याची हमी पाच ते दहा वर्षांची असते आणि आठव्या ते बाराव्या वर्षी तो बदलावा लागेल असे धरून चालावे. ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरसाठी २५ ते ३५ हजार रुपये लागू शकतात. हा खर्च विक्रीच्या वेळी आम्ही सर्वांना सांगितला होता, असे आम्ही प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. म्हणून आता सांगतो की बचतीतून वर्षाला तीन हजार रुपये त्यासाठी बाजूला ठेवावेत. वरच्या उदाहरणात हा खर्च मिळवला तरी ३५० युनिटच्या घराचा संच सहा वर्षांच्या आतच फिटतो आणि नंतरची वीज जवळजवळ निव्वळ बचत ठरते.

सध्या काही विक्रेते घरोघरी जाऊन जुनी ३२० किंवा ३३५ वॅटची पॅनेल काढून नवी ५५० वॅटची बसवण्याचा आग्रह करत आहेत. जुने पॅनेल आपल्या क्षमतेच्या ९४-९५ टक्के वीज देत असेल, तर ते काढण्याचे काहीच कारण नाही. नवे पॅनेल एवढी जास्त वीज देते याचे मोठे कारण ते आकाराने मोठे आहे हे आहे. घराचा वापर खरोखर वाढला असेल, तर जुन्या पॅनेलच्या शेजारी नवी जोडता येतात, त्यासाठी महावितरणकडे वाढीव क्षमतेचा अर्ज करावा लागतो. फुटलेले पॅनेल भंगारात विकू नये. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झालेला असून ते आमच्याकडे आणून दिल्यास आम्ही उत्पादकाकडे पोहोचवू.

गच्चीला गळती असेल तर वॉटरप्रूफिंग संच बसवण्यापूर्वीच करून घ्यावे, कारण नंतर सर्व सांगाडा उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च होतो. घर लवकरच पाडून बांधायचे असेल, किंवा वर्षभर वापर शंभर युनिटच्या आतच राहत असेल, तर तूर्त संच घेऊ नये, असेच आम्ही सुचवू.

वार्षिक तपासणीला येताना मागील बारा महिन्यांची बिले, इन्व्हर्टरच्या पडद्यावरील एकूण निर्मितीच्या आकड्याचे छायाचित्र आणि संच सुरू झाल्याची तारीख सोबत आणावी. या तीन गोष्टींवरून आपला संच आजवर किती फिटला आणि किती बाकी आहे, हे आम्ही आपल्यासमोरच कागदावर मांडून देऊ, आणि त्यासाठी कोणतेही शुल्क घेतले जात नाही.