पोथीतली नोंद आणि उपाध्यांच्या वहीतली नोंद

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला आणि सातारा-सांगलीकडच्या घराघरांतल्या ट्रंका माळ्यावरून खाली आल्या. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातली, लाल फडक्यात बांधलेली पोथी सुटली. कुणी पंढरपूरच्या नाहीतर नाशिकच्या उपाध्यांचा नंबर मिळवला. बोलताना मात्र सगळं एकाच वाक्यात येतं : "आमचं नाव जुन्या पोथीत निघालं." कुठल्या पोथीत? घरच्या पोथीच्या कोऱ्या पानावर, की तीर्थक्षेत्रीच्या वहीत? दोन्ही जुन्या, दोन्हींत मोडी असू शकते. पण घरची पोथी 'कधी' ते सांगते आणि उपाध्यांची वही 'कोण कोणाचा' ते. एकीला दुसरीचा प्रश्न विचारला की वंशावळ फसलीच म्हणून समजा.

घरच्या पोथीपासून सुरुवात करू. गुरुचरित्र असो की शिवलीलामृत, शेवटची कोरी पानं, पुठ्ठ्याची आतली बाजू, सोबत बांधून ठेवलेली जुनी पंचांगं यांवर घरातल्या लिहित्या माणसानं ओळी टिपलेल्या असतात. साधारण अशी एक ओळ घ्या : 'शके १८३० कीलक नाम संवत्सरे, कार्तिक शु. ५ शुक्रवार, सूर्योदयात् गत घटी १४, पुत्र जन्म.' घटी म्हणजे २४ मिनिटं, तेव्हा मूल सूर्योदयानंतर साडेपाच तासांनी, दुपारी बाराच्या सुमारास झालं. शके अधिक ७८ म्हणजे १९०८ साल. वर्षाच्या शेवटच्या भागातली, म्हणजे माघ-फाल्गुनातली नोंद असेल तर ७९ मिळवायचे. संवत्सर ताडून बघायची सोपी युक्ती आहे : शकेत १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रातल्या पहिल्या, म्हणजे प्रभवपासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक. १८३० साठी बाकी ४२ येते आणि बेचाळिसावं संवत्सर कीलकच. जुळत नसेल तर बहुधा पुसट शाईत आकडा चुकीचा वाचला गेलाय.

या ओळीत मुलाचं नाव नाही, हे लक्षात आलं का? नोंद पत्रिकेसाठी केलेली. बारसं अजून व्हायचंय. त्यामुळे कुठला मुलगा, हे दुसरीकडून ठरवावं लागतं. मुलींचे जन्मही याच पानावर सापडतात, आणि मला पोथीचं हेच मोल सगळ्यात मोठं वाटतं. लग्नानंतर नाव बदललं की माहेरच्या बाकी कागदांतून ती पोर बहुतेक वेळा गायबच होते.

मृत्यूच्या नोंदींत वेगळीच गोम असते. महिना, पक्ष, तिथी असते, शके नसतो. श्राद्ध घालायला साल लागत नाही, म्हणून लिहिलेलंच नाही. बाईच्या नावापुढं 'भाद्रपद वद्य ९' असेल तर जरा थांबावं. ती अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी घालतात, ती मृत्यूची तिथी असेलच असं नाही. उलट 'शके १८४० आश्विन' असं लिहून एकाच घरातली दोन-तीन माणसं ओळीनं आली, तर ती १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ असण्याची शक्यता मोठी.

आणखी एक. पोथी घराबरोबर राहते असं आपण धरून चालतो, पण ती वाटणीत जाते, आजोळाहून येते, निपुत्रिक मावशीच्या देव्हाऱ्यासकट येते. पानावरची नावं तुमच्या वडिलांच्या घराण्याची नसून आजीच्या माहेरची असू शकतात. हस्तलिखित पोथी असेल तर शेवटी अमक्यानं लिहिली, अमक्या शकेत पुरी झाली, असा मजकूर असतो. तो नक्कल करणारा. त्याला खापरपणजोबा करून टाकलेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत.

आता वही. तीर्थाला गेलेल्या माणसानं तिथल्या उपाध्यांना लेख लिहून द्यायचा, ही जुनी रीत : गाव, आडनाव, स्वतःचं नाव, बाप, आजा, भाऊ, चुलते, मुलगे, आणि शेवटी आमच्या कुळातलं जो कोणी येईल त्यानं यांनाच मानावं, असा करार. मुळात हे यजमानावरच्या हक्काचं कागदपत्र आहे. वंशावळ त्यात आपोआप आली. म्हणून ती आडवी पसरते. एकाच पानावर चार चुलतभाऊ भेटतात, जे घरच्या पोथीत कधीच नसतात. पण त्यावरची तारीख यात्रेची किंवा अस्थी घेऊन आल्याची. त्या दिवशी हयात असलेली माणसं कळतात, जन्मसाल कळत नाही. त्र्यंबक-नाशिकच्या वह्यांत सिंहस्थाच्या आसपास, म्हणजे दर बारा वर्षांनी, नोंदी दाटलेल्या मिळाल्या तर नवल नको.

वही जीर्ण झाली की उपाध्ये ती नव्यानं उतरवून घेतात. पानभर एकच अक्षर आणि एकच शाई असेल तर ती नक्कल. मूळ लेख आहे का, असं नम्रपणे विचारावं. आजोबांची सही मिळाली तर तिथंच. विचारताना दक्षिणेची घासाघीस मात्र करू नये, पिढ्यान् पिढ्या कुणीतरी हे बाड वाळवीपासून जपलंय.

दोन्हींचा मेळ जिथं बसत नाही, तिथंच खरी माहिती दडलेली असते. दत्तक घ्या. पोथीत मूल जन्मदात्याच्या घरी, वहीत ते दत्तक बापाच्या नावाआधी 'बिन', म्हणजे 'चा मुलगा', लावून. दोन्ही खरं. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत असल्यानं वहीत 'ज्ञानू बिन रामा' आणि 'रामा बिन ज्ञानू' आळीपाळीनं येत राहतात. कुठला ज्ञानू कुठल्या पिढीचा, हे पोथीतल्या शकेशिवाय सुटत नाही.

मिरजेकडच्या ख्रिस्ती घरांतही अशीच जोडी दिसेल : घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवरचे जन्म-विवाह आणि चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून उतरवणं ही तिथली नेहमीची गफलत. जत-मिरज भागात वंशावळ म्हणून दाखवणारे हेळवी येतात, त्यांचं बाड म्हणजे तिसराच प्रकार, त्यावर वेगळं लिहायला हवं.

कायद्यानं यातलं काहीच टाकाऊ नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये, मयत व्यक्तीनं वाद उपस्थित होण्याआधी घराण्याच्या वंशावळीत केलेल्या नात्याच्या विधानाला जागा होती. म्हणून पोथीच्या पानावर आज पेनानं नावं 'पुरी' करू नका, लॅमिनेशन तर नकोच. फोटो काढा आणि फडक्यात परत बांधा. कुणबी दाखल्यासाठी मात्र तहसीलमधला गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला आपण कोतवाल बुक म्हणतो, आणि शाळेचं जनरल रजिस्टर यांचं वजन जास्त पडतं.

उपाध्यांकडं जाताना गावाचं नाव जुनंच सांगा. तासगाव, वाळवा, खानापूर १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली. 'जि. सातारा' दिसलं म्हणून पान उलटून टाकू नका. कोयनेच्या पाण्यात गाव गेलं असेल तर पुनर्वसनाच्या गावठाणाचं नाव सांगून काही हाती लागणार नाही. वही पाटण-जावळीतल्या मूळ गावाच्या नावानंच उघडते.