सोलापुरात बंदुकीचा परवाना: अर्ज, कागदपत्रे आणि घरातल्या कपाटाचा प्रश्न

आमच्या बार्शी तालुक्यातल्या घरात आजोबांची बारा बोअरची डबल बार, म्हणजे दुनळी बंदूक, ज्वारीच्या कणगीशेजारी खुंटीला टांगलेली असायची. काडतुसं देव्हाऱ्याखालच्या खणात. खणाला कुलूप नव्हतं, आणि आम्ही पोरं दुपारभर त्याच खोलीत खेळायचो. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वडील गेल्यावर बंदूक कुणाच्या नावावर करायची हा प्रश्न आला, मी कचेरीच्या पायऱ्या चढलो आणि त्या निमित्तानं शस्त्र कायदा वाचला. नंतर ओळखीपाळखीचे लोक विचारू लागले: "परवाना काढायचाय, कागद कुठले लागतात?" त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय.

पहिला घोळ अर्ज कुणाकडे करायचा याचा. सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांचा परवाना पोलीस आयुक्त देतात. बार्शी, माढा, करमाळा, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला असा ग्रामीण भाग असेल तर परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी या नात्याने. चौकशी मात्र ग्रामीण पोलीस करतात. शेत मोहोळला आणि घर विजापूर रोडला असेल तर कुठे जायचं? नेहमीचा राहता पत्ता जिथला, तिथे. पत्ता बदलला तर नव्या हद्दीच्या कार्यालयात परवान्याची नोंद करून घ्यावी लागते. गावाकडून शहरात राहायला आलेली पुष्कळ मंडळी हे विसरतात आणि नूतनीकरणाच्या वेळी अडकतात.

पात्रता

वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सुटकेनंतर पाच वर्षं दार बंद. चांगल्या वर्तनाचा किंवा शांतता राखण्याचा बाँड घेतला गेला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. गावकीच्या भांडणात किंवा निवडणुकीच्या तोंडावर असे बाँड सर्रास घेतले जातात. तहसीलला एक सही केली होती एवढंच माणसाला आठवतं, पण पोलिसांच्या नोंदीत ते सगळं असतं. मानसिक आजाराची बाबही कायद्यात आहे.

ही झाली किमान अट. खरी परीक्षा 'गरज काय' या रकान्यात होते. परवाना हा हक्क नाही. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला, म्हणून तिथे प्रत्येक गोळीबारानंतर वाद होतो तो त्या हक्कावर बंधनं किती घालायची याचा. आपल्याकडे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. त्याच वर्षी जानेवारीत सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली, त्याआधी शहराने मार्शल लॉ सोसला. हिंदी माणसाच्या हत्यारावर बंधनं घालणाऱ्या इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा राग त्या पिढीला का होता हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. पण १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क घटनेत घालावा म्हणून दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हत्यार आणायचं म्हटलं तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती बारगळली. अर्ज नामंजूर झाल्यावर "माझा हक्क डावलला" असं कुणी म्हणालं, की मला ती चर्चा आठवते.

तर, गरज दाखवायचे ठळक मार्ग तीन.

आत्मसंरक्षण. सराफ, पेट्रोल पंपवाले, रोकड घेऊन फिरणारे अडत व्यापारी या गटातले. नुसता व्यवसाय पुरत नाही, जिवाला गंभीर धोका आहे हे पटावं लागतं. धमकीची तक्रार, गुन्ह्याची नोंद, आधीच्या लुटीची फिर्याद असेल तर जोडा. उत्पन्नाचा पुरावा म्हणून विवरणपत्रं मागितली जातात.

पीक संरक्षण. शेतकऱ्याला लांब नळीची साधी बंदूक मिळू शकते. कायद्यात पिकासाठी मुळात ठासणीची (नळीत दारू ठासून उडवायची) बंदूक आहे; ती पुरणार नाही असं कार्यालयाला पटलं तर किमान २० इंच नळीची दुसरी. सातबारा आणि आठ अ लागतो. आता महत्त्वाचं: या परवान्याने वन्यप्राणी मारता येत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास काळवीट पिकात शिरतात, रानडुकरं भुईमूग उकरतात, शेतकऱ्याचं नुकसान खरंच होतं. तरीही काळविटावर गोळी झाडली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तुम्ही आरोपी. २०२० च्या डिसेंबरात करमाळ्यातला नरभक्षक बिबट्या मारला गेला, तो वन खात्याच्या आदेशाने. त्यानंतर "आम्हालाही बंदूक द्या" म्हणून चौकशी करणाऱ्यांना हा फरक समजावता समजावता नाकी नऊ यायचे.

तिसरा मार्ग नेमबाजीचा. रायफल क्लबच्या सभासदाला सरावासाठी पॉइंट २२ रायफल. क्लबचं पत्र लागतं.

नऊ मिलिमीटरचं पिस्तूल, थ्री नॉट थ्री रायफल ही निषिद्ध बोअरची, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या नळीच्या मापाची हत्यारं. त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय. छऱ्याच्या एअरगनला सरसकट परवाना लागत नाही, पण ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर लागतो. ऑनलाइन 'पॉवरफुल' म्हणून मागवण्याआधी हे आकडे बघा.

कागद

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जाचा नमुना ए-१. तो गृह मंत्रालयाच्या परवाना पोर्टलवर भरता येतो. भरल्यावर छापील प्रत आणि कागद कार्यालयात. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात शारीरिक, मानसिक प्रकृती ठीक आहे एवढंच चालत नाही, दारू किंवा अमली पदार्थाचं व्यसन नाही असा स्पष्ट उल्लेख लागतो. हा एक उल्लेख नसल्यामुळे परत आलेले अर्ज मी पाहिलेत. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही नियमांत आहे: सुरक्षित हाताळणी, साफसफाई, साठवण, ने-आण. लोक याला औपचारिकता समजतात. मला विचाराल तर अख्ख्या फाइलमधला हाच एक कागद घरातल्या माणसांच्या कामाचा आहे.

अर्जात आणखी एक साधा प्रश्न असतो: हत्यार आणि दारूगोळा सुरक्षित ठेवायला जागा आहे का? 'आहे' लिहून लोक पुढे जातात. त्याकडे शेवटी येतो.

अर्ज गेला की तो तुमच्या ठाण्याकडे येतो. शहरात फौजदार चावडी, जेलरोड, विजापूर नाका, जे असेल ते. हवालदार घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, नोंदी तपासतो, जबाब घेतो. नियमाने ठाण्याचा अहवाल ३० दिवसांत जायला हवा आणि तो मिळाल्यावर ६० दिवसांत निर्णय. प्रत्यक्षात फाइल कुठे आहे हे विचारत राहावं लागतं. पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा आणि लेखी विचारणा करा. एजंट "वरपर्यंत ओळख" सांगेल. अहवालात जे लिहिलंय ते एजंट बदलू शकत नाही.

मंजुरी मिळाली तर यूआयएन म्हणजे देशपातळीवरचा ओळख क्रमांक पडतो. त्याशिवायचा परवाना वैध धरत नाहीत. जुनी पुस्तिका असेल तर आधी तो क्रमांक बघा. मग परवान्यावरच्या मुदतीत परवानाधारक दुकानदाराकडून खरेदी आणि हत्यार दाखवून नोंद. काडतुसंही परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच.

नामंजुरीची कारणं लेखी मागा. अपील तीस दिवसांत: आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य शासनाच्या गृह विभागाकडे, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध पुण्याला विभागीय आयुक्तांकडे.

२०१९ ला काय बदललं

शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीमुळे १४ डिसेंबर २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं. सरकारने आणलेल्या विधेयकात तर एकच होतं. विरोध झाला, मग दोन केलं. नेमबाजांना यातून सूट आहे. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. विनापरवाना बंदुकीला किमान दोन वर्षं कैद. वरातीत बार काढला, कुणाला इजा झाली नाही तरी बेदरकारपणाने इतरांचा जीव धोक्यात घातला, म्हणून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावं. व्हिडिओ तुमचेच मित्र टाकतात.

यावर आमच्याकडे दोन तट आहेत. एक म्हणतो, परवानाधारक गुन्हे करत नाही, गावठी कट्टा बाळगणारा करतो. कडक कायदा साध्यासरळ माणसालाच नडतो, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायला रांगेत तोच उभा. यात तथ्य आहे. कट्टा विकणारा कुठला नमुना ए-१ भरतो? दुसरा तट म्हणतो, हत्यार जितकं कमी तितकं बरं. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेल्यावर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या, हे उदाहरण ते देतात. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण वेगळ्या कारणाने. दोन्ही तट चोर आणि दरोडेखोराबद्दल बोलतात. घरातल्या बंदुकीचा धोका बहुतेकदा घरातल्याच माणसाला असतो.

कपाट

बंदूक लोखंडी कपाटात किंवा तिजोरीत, कुलूपबंद. काडतुसं दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलुपात. ठेवण्याआधी नळी उघडून आत काडतूस नाही हे डोळ्यांनी बघायचं. "काल रिकामी केली होती" हे चालत नाही. किल्ली परवानाधारकापाशीच. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उडवणाऱ्या पोराला खरी आणि खोटी बंदूक वेगळी दिसत नाही, आणि किल्ली कुठे ठेवता हे त्याला तुमच्या आधी माहीत असतं. सालगड्याला किंवा वाटेकऱ्याला "रात्री रानात घेऊन जा" म्हणून बंदूक देणं हा गुन्हा आहे. त्याच्याकडे द्यायचीच तर परवान्यावर त्याची रिटेनर, म्हणजे परवानाधारकाच्या वतीने हत्यार बाळगणारा, म्हणून नोंद करून घ्यावी लागते.

आणि घरात कुणी खचलेलं असेल, कर्जाने, आजाराने, पोराच्या दुःखाने, तर बंदूक काही महिने ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा करा. कारण लिहायला संकोच वाटतो, लोक काय म्हणतील वाटतं. परगावी जातोय म्हणा. पण जमा करा. वाईट विचाराची घडी टळली तर माणूस वाचतो, आणि त्या घडीला हाताशी बंदूक असेल तर दुसरी संधी सहसा मिळत नाही.

वारसांसाठी

परवानाधारक गेला की बंदूक वारसाची होत नाही. विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. पावतीवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी तिथेच उभं राहून ताडून बघा; आमच्या पावतीत एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त व्हायला चार खेटे पडले. मग वारसाने स्वतःच्या नावाचा अर्ज करायचा: मृत्यू दाखला, इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, बाकी कागद वर सांगितले तेच. पात्रता आणि चौकशी सुटत नाही. मुलगीही अर्ज करू शकते. वडील हयात असतानाही हे करता येतं: त्यांचं वय ७० झालं किंवा त्यांनी हत्यार २५ वर्षं बाळगलं असेल तर.

आमच्यात बहिणीने अर्ज करायला नकार दिला, भावाने करतो करतो म्हणत दोन वर्षं काढली. नको असेल तर परवानाधारक दुकानदाराला विकता येते. दुसऱ्या परवानाधारकाला थेट द्यायची असेल तर किमान ४५ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागतं, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह. आमची डबल बार अजून जमाच आहे. खुंटीवर आता आई पिशव्या अडकवते.