सोलापुरातील स्वयंरोजगारी पालकांसाठी निवृत्तिवेतन: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

सोलापुरात शालेय गणवेश शिवून देणारी कारागीर, घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकणारी गृहिणी, पूर्व भागात दोन-चार यंत्रमाग चालवणारा छोटा मालक किंवा रिक्षाचालक यांच्या मिळकतीतून भविष्य निर्वाह निधी कापून ठेवणारे कोणी नसते. मुलांची फी आणि क्लासचा खर्च तिशी-चाळिशीत वाढत जातो, आणि अटल पेन्शनसारख्या सरकारी निवृत्तिवेतन योजनांत नाव नोंदवण्याची मुदतही नेमकी चाळिसाव्या वर्षी संपते. त्यामुळे मुलांचे शिक्षण मार्गी लागल्यावर स्वतःचे पाहू, असे ठरवणाऱ्या पालकांना हा मार्ग बंद झालेला आढळतो.

अर्ज भरण्यापूर्वी तीन गोष्टी पडताळून घ्याव्यात: आपले वय १८ ते ४० वर्षांच्या दरम्यान आहे का, आपण आयकरदाते आहोत किंवा पूर्वी होतो का, आणि आपल्या नावाने कोठे भविष्य निर्वाह निधी (पीएफ) किंवा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो का. योजनेची निवड मुख्यतः या तीन उत्तरांवर ठरते.

बहुतेक कुटुंबांना सोयीची ठरते ती २०१५ मध्ये सुरू झालेली अटल पेन्शन योजना. तिच्यात वयाच्या साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांपर्यंतचे, आपण आधी निवडलेले निवृत्तिवेतन मिळते आणि त्या किमान रकमेची हमी केंद्र सरकारची आहे. ५,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी तिसाव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यास दरमहा ५७७ रुपये, पस्तिसाव्या वर्षी ९०२ रुपये आणि एकोणचाळिसाव्या वर्षी १,३१८ रुपये भरावे लागतात. म्हणजे नऊ वर्षांच्या विलंबाने हप्ता दुपटीहून अधिक होतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्यांना या योजनेत प्रवेश नाही. त्या तारखेनंतर खाते उघडलेली व्यक्ती अर्जाच्या दिवशी किंवा त्यापूर्वी आयकरदाता होती असे पुढे उघड झाले, तर खाते बंद करून जमा रक्कम परत दिली जाते. म्हणून अर्जातील आयकराबाबतचे घोषणापत्र नीट वाचूनच सही करावी.

अर्ज आपले बचत खाते असलेल्या बँकेच्या शाखेत किंवा टपाल कार्यालयात करता येतो. बचत खात्याचे पासबुक, आधार कार्ड आणि चालू मोबाइल क्रमांक एवढी तयारी पुरते. विवाहित व्यक्तीने पती किंवा पत्नीचा तपशील देणे आवश्यक असून तीच व्यक्ती आपोआप वारस (नॉमिनी) ठरते. आधार आणि पासबुक यांवरील नाव, आडनावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळत नसेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी. लग्नानंतर एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे आडनाव राहिलेल्या महिलांनी तर ही पडताळणी अवश्य करावी, कारण हप्ते सुरू झाल्यावर राहिलेली तफावत साठीनंतर किंवा वारसाच्या दाव्याच्या वेळी अडचणीची ठरते. नोंदणी झाल्यावर मिळणारा कायम निवृत्तिवेतन खाते क्रमांक, म्हणजे प्राण क्रमांक, पोचपावतीसह जपून ठेवावा.

हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. तो मासिक, त्रैमासिक किंवा सहामाही ठेवता येतो आणि माझ्या मते हंगामी मिळकत असलेल्यांनी या सवलतीचा विचार आवर्जून करावा. गणवेशाचे काम शाळा उघडण्यापूर्वीच्या महिन्यांत दाटते आणि चादर-टॉवेलची मागणीही वर्षभर सारखी नसते. अशा कुटुंबाने हाती पैसा येतो त्या महिन्यांशी जुळेल असा सहामाही हप्ता निवडला तर खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता चुकण्याचा आणि विलंब-आकार लागण्याचा धोका कमी होतो. निवृत्तिवेतनाची निवडलेली रक्कम वर्षातून एकदा कमी-जास्त करता येते.

ज्यांची मासिक मिळकत १५,००० रुपयांपर्यंत आहे, अशा १८ ते ४० वयाच्या असंघटित कामगारांसाठी २०१९ पासून प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आहे. वयानुसार ५५ ते २०० रुपयांचा मासिक हप्ता भरला की तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात. नोंदणी सीएससी, म्हणजे सरकारी सेवा देणाऱ्या कॉमन सर्व्हिस सेंटर, केंद्रात आधार आणि बँक पासबुक दाखवून होते. पहिला हप्ता रोख भरावा लागतो. मात्र आयकरदाते आणि भविष्य निर्वाह निधी, ईएसआय किंवा राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीचे सदस्य येथे अपात्र आहेत. ही अट सोलापुरात विशेष लक्षात घेण्यासारखी आहे: विडी कारखान्यात नाव असून ज्या महिलांचा पीएफ कापला जातो, त्यांना ही योजना लागू होत नाही, अटल पेन्शनला मात्र पीएफची आडकाठी नाही. वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असलेल्या दुकानदारांसाठी अशाच स्वरूपाची स्वतंत्र योजना आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. अटलचे निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढत नाही. महागाई दरवर्षी ६ टक्के धरली, तर २५ वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांत आजच्या सुमारे १,१५० ते १,२०० रुपयांइतकाच माल येईल. पती-पत्नी दोघांनी स्वतंत्र खाती उघडली तरी हा आधार अपुरा आहे, म्हणून जोडीला दुसरी बचत हवी.

त्यासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, अर्थात पीपीएफ, टपाल कार्यालयात किंवा बँकेत उघडता येतो. त्याला वयाची किंवा आयकराची अट नाही. वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, मुदत १५ वर्षांची असून पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. अर्जासोबत आधार, पॅन आणि छायाचित्र द्यावे लागते. पालकाने अल्पवयीन मुलाच्या नावाने खाते उघडले, तर त्यातील आणि स्वतःच्या खात्यातील भरणा मिळून दीड लाखाची मर्यादा लागू होते. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मोजले जात असल्याने ५ तारखेपर्यंत भरणा करावा. धंद्यात उधारी आणि कर्ज असणाऱ्यांसाठी याचा मोठा गुण असा की, धनकोच्या दाव्यात न्यायालयाच्या हुकुमाने या खात्यावर जप्ती आणता येत नाही.

चाळिशी उलटलेल्यांना आणि आयकरदात्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली खुली आहे. बँकेत किंवा ऑनलाइन, पॅन, आधार आणि खात्याच्या तपशिलावर ५०० रुपयांपासून नोंदणी होते. पैसा समभाग आणि रोख्यांत गुंतवला जात असल्याने परतावा निश्चित नसतो. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यांना करपात्र उत्पन्नातून नेहमीच्या दीड लाखाच्या वजावटीखेरीज ५०,००० रुपयांची अधिक वजावट मिळते. तीन वर्षांनंतर मुलांच्या उच्च शिक्षणासाठी स्वतःच्या भरण्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, परंतु ती सोय शेवटची म्हणूनच ठेवावी.

कोणत्याही खात्यात वारस म्हणून अल्पवयीन मूल नेमताना पालनकर्त्याचे नाव अर्जातच लिहावे लागते. मूल १८ वर्षांचे झाले, की शाखेत जाऊन ही नोंद बदलून घ्यावी आणि प्राण क्रमांक व पासबुके कोठे ठेवली आहेत हे घरातील दुसऱ्या प्रौढ व्यक्तीस सांगून ठेवावे.