नावडत्या कथानकाचा आवडता खेळ : पार्श्वभूमी

एखाद्या गेमचे कथानक पोरकट वाटते, त्यातल्या जगाची किळस किंवा कंटाळा येतो, नायकाचा तर रागच येतो, आणि तरीही तोच गेम रात्री दोन वाजेपर्यंत सुटत नाही. ‘स्टोरी बोर आहे, पण गेमप्ले भारी आहे’ हे वाक्य आज इतके सर्रास कानावर पडते की ही तक्रार व्हिडिओ गेमइतकीच जुनी असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात ती या स्वरूपात फार तर पंचवीस-तीस वर्षांची आहे. त्याआधी कथानक न आवडण्याचा प्रश्न क्वचितच उद्भवत असे, कारण ते सहज टाळता येत असे, आणि गेम बनवणारेदेखील सोयीनुसार ते बदलून टाकत.

खेळ आणि त्यावर चढवलेली गोष्ट यांची फारकत करणे व्हिडिओ गेमने शोधून काढलेले नाही. मोक्षपटाच्या घरांवर सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे लिहिलेली असत. ती पुसली गेल्यावर उरलेली सापशिडी मुले तितक्याच आवडीने खेळत राहिली. बुद्धिबळात तिरका चालणारा मोहरा आपल्याकडे उंट आहे, इंग्रजीत धर्मगुरू, फ्रेंचमध्ये विदूषक आणि रशियनमध्ये हत्ती. त्याच्या चालीत मात्र त्यामुळे काही फरक पडत नाही.

मॉस्कोत १९८४ मध्ये तयार झालेल्या टेट्रिसला तर गोष्टच नव्हती. ज्या सोव्हिएत संगणकावर तो प्रथम चालला त्याला चित्रे दाखवता येत नसल्याने खाली पडणारे तुकडे चौकोनी कंसांनी काढलेले होते. तो पश्चिमेकडे विकायला निघाल्यावर खोक्यावर आणि पडद्यावर रशियन घुमट आले, लोकसंगीत आले, म्हणजे ज्या गेमला जग नव्हते त्याला विक्रीसाठी एक जग मिळाले. ते घुमट आवडत नाहीत म्हणून कोणी टेट्रिस सोडल्याचे ऐकिवात नाही.

या फारकतीचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्या पिढीच्या हातून गेलेले आहे, फक्त तेव्हा ते आम्हाला कळले नाही. कॉन्ट्रा हा गेम १९८७ मध्ये आला. जपानी आवृत्तीनुसार त्यातली लढाई इसवी सन २६३३ मध्ये न्यूझीलंडजवळच्या एका काल्पनिक द्वीपसमूहावर घडते. अमेरिकेत विकताना पुस्तिकेतून ते भविष्य काढून टाकण्यात आले आणि तीच लढाई त्या वेळच्या वर्तमानकाळात, अ‍ॅमेझॉनच्या जंगलात आणून बसवण्यात आली. युरोपात घरी टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलवर १९९० मध्ये तो आला तेव्हा नावही बदलले आणि नायकही. जर्मनीतल्या बालसंरक्षणाच्या कडक नियमांचा धसका घेऊन दोन्ही सैनिकांच्या आणि बऱ्याच शत्रूंच्या जागी यंत्रमानव आले. उडीची उंची, गोळ्यांची गती, धबधब्याच्या टप्प्यातल्या पायऱ्या यांना कोणी हात लावला नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत नव्वदच्या दशकात तोच गेम पोचला तो नक्कल केलेल्या कन्सोलमधून आणि ‘नव्याण्णव इन वन’ छापाच्या कॅसेटमधून. (ती कॅसेट नव्हती, पण आम्ही सगळे तिला कॅसेटच म्हणत असू, आणि ती चालली नाही की काढून तिच्या कडेला फुंकर मारत असू.) या कॅसेटला ना खोके होते ना पुस्तिका, आणि त्या काळातल्या गेमचे कथानक बहुतांशी पुस्तिकेतच असे. परिणामी २६३३ साल, अ‍ॅमेझॉन आणि यंत्रमानव यांपैकी काहीच आमच्या वाट्याला आले नाही. उघड्या अंगाची दोन माणसे उजवीकडे धावतात, ‘एस’ लिहिलेली बंदूक मिळाली की गोळ्या पंख्यासारख्या पसरतात आणि ती हातची गेली की जीव हळहळतो, एवढेच आम्हाला ठाऊक होते. कॉन्ट्रा हे नाव निकाराग्वातल्या बंडखोरांचेही आहे आणि गेमच्या शेवटच्या संगीताला त्यांच्या विरोधकांचे नाव दिलेले आहे, हे कळायला पुढे इंटरनेट यावे लागले. कळल्यावर गेम अधिक आवडू लागला नाही, की कमीही नाही.

बनवणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर ही अदलाबदल त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होती. जपानमध्ये १९८७ साली अरबी कथांच्या धर्तीवरचा एक गेम निघाला होता. त्यातली चार पात्रे बदलून पुढच्याच वर्षी तो अमेरिकेत सुपर मारिओ ब्रदर्स २ म्हणून विकला गेला आणि लाखो मुलांनी तो मारिओचाच खेळ मानला. वोल्फेनस्टाइन थ्रीडी या नेमबाजीच्या गेमच्या इंजिनावर, म्हणजे तो चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, १९९४ मध्ये नोहाच्या नौकेचा एक धार्मिक गेम तयार झाला. नाझी सैनिकांना गोळ्या घालण्याऐवजी त्यात शेळ्यांना आणि इतर प्राण्यांना गलोलीने खाऊ मारून झोपवायचे होते. डूम या तशाच गेमच्या इंजिनावर १९९६ मध्ये न्याहारीच्या पदार्थाच्या खोक्यातून फुकट वाटलेला गेम निघाला, त्यातले शत्रू मरत नसत, त्यांना त्यांच्या घरी परत पाठवले जाई. खुद्द डूमसाठी एका सहसंस्थापकाने पात्रे आणि प्रसंगांनी भरलेला मोठा कथाआराखडा लिहिला होता; तो बाजूला ठेवण्यात आला आणि गेम प्रसिद्ध होण्यापूर्वीच तो लेखक कंपनीतून बाहेर पडला. गेममध्ये गोष्ट असावी अशी अपेक्षा असते, पण तिला फारसे महत्त्व नसते, या अर्थाचे त्याच चमूतल्या मुख्य प्रोग्रॅमरचे बोलणे पुढे फार गाजले. आज त्या बोलण्यावर टीका होते. १९९३ चा विचार करता ते चालू व्यवहाराचे साधे वर्णन होते.

हा व्यवहार बदलला तो १९९८ मध्ये हाफ-लाइफ हा गेम आल्यावर, असे म्हणायला हरकत नाही. तोपर्यंत कथानक कटसीनमध्ये (खेळ थांबवून दाखवल्या जाणाऱ्या प्रसंगात), पुस्तिकेत किंवा दोन टप्प्यांमधल्या मजकुरात राहत असे, आणि बटण दाबून ते ओलांडता येत असे. हाफ-लाइफने कटसीनच काढून टाकले. सगळे काही खेळाडूच्या डोळ्यांसमोर, त्याच्या हातात नियंत्रण असतानाच घडू लागले. शास्त्रज्ञ महत्त्वाचे बोलत असताना त्याच्याभोवती उड्या मारता येत, त्याच्या डोक्यात लोखंडी पहार घालता येई, पण त्याचे बोलणे स्किप करता येत नसे. ही मोठी कलात्मक झेप होती यात शंका नाही. तिच्याबरोबर कथानक टाळण्याची वाटही बंद झाली, हे मात्र त्या वेळच्या कौतुकात फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

याच सुमारास विद्यापीठांत एक वाद पेटला. एका अमेरिकन अभ्यासिकेने १९९७ मध्ये टेट्रिस म्हणजे कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अमेरिकन जीवनाचे रूपक आहे, असा अर्थ लावला होता, आणि मॉस्कोत जन्मलेल्या गेमबद्दल असे म्हणणे विरोधकांच्या पथ्यावर पडले. खेळाचा अभ्यास खेळ म्हणूनच व्हावा, त्याला साहित्याच्या मापाने मोजू नये, असे म्हणणाऱ्यांनी २००१ पासून आपले म्हणणे जोरात मांडले. त्यांच्यापैकी एका नॉर्वेजियन अभ्यासकाने पुढे असे लिहिले की टूम रेडर या गेमच्या नायिकेची देहयष्टी सिद्धांताच्या दृष्टीने गैरलागू आहे, कारण ती वेगळी असती तरी आपण वेगळे खेळलो नसतो. बुद्धिबळातल्या उंटाचा मुद्दाच येथे नव्या पात्राला लावलेला दिसतो. विधान तर्काने बिनतोड आहे, पण ती देहयष्टी पाहूनच ज्यांनी गेम उचलला नाही, त्यांचा अनुभव त्यात कोठेच बसत नाही.

आता या विषयातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या शब्दाकडे वळावे लागते, कारण आज कोणीही ‘मला गेम आवडतो पण कथानक नाही’ असे म्हणताच समोरचा तो शब्द फेकतो. ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ (खेळ आणि कथन यांतली विसंगती) ही संज्ञा ऑक्टोबर २००७ मध्ये माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या एका गेम डिझायनरने बायोशॉक या गेमवर लिहिताना वापरली. त्याचा मुद्दा नेमका होता. बायोशॉक खेळाच्या पातळीवर खेळाडूला स्वार्थाची मुभा देतो: वाटेत भेटणाऱ्या लहान मुलींना सोडवायचे की त्यांच्यातला उपयुक्त द्रव काढून घेऊन स्वतःची ताकद वाढवायची, हे त्याने ठरवायचे असते. कथानकाच्या पातळीवर मात्र रेडिओवरून बोलणाऱ्या एका माणसाला मदत करण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. एका हाताने स्वातंत्र्य देऊन दुसऱ्या हाताने ते काढून घेतले जाते, आणि वर गेम त्याबद्दल खेळाडूचीच थट्टा करतो, ही त्याची हरकत होती. म्हणजे भांडण गेमच्या पोटात होते, नियमांचे कथानकाशी.

संज्ञा लोकप्रिय झाली आणि पातळ होत गेली. दुसऱ्या टप्प्यावर ती हसतमुख नायकाच्या हातून शेकडो माणसे मरतात अशा साहसी गेमना लागली. २०१३ च्या टूम रेडरमध्ये पहिला खून केल्यावर नायिका हादरून जाते आणि थोड्याच वेळात रांगेने माणसे मारू लागते, हे उदाहरण वारंवार दिले गेले. येथवर मूळ अर्थ ताणलेला असला तरी तुटलेला नव्हता. अनचार्टेड मालिकेने तर २०१६ मध्ये या टीकेची गंमत केली: चौथ्या भागात एक हजार शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीला त्यांनी याच संज्ञेचे नाव दिले.

तिसऱ्या टप्प्यावर मात्र घोटाळा झाला. ज्याला युद्धाचा विषय मुळात आवडत नाही पण नेमबाजीची लय आवडते, ज्याला राजकन्या आणि ड्रॅगन यांचा कंटाळा आला आहे पण लूट गोळा करण्याची चटक लागली आहे, त्याच्या अनुभवालाही हीच संज्ञा चिकटवली जाऊ लागली. हा वापर चुकीचा आहे, असे स्पष्ट म्हणणे भाग आहे. येथे गेमच्या आत कसलेच भांडण नसते. त्याचे नियम आणि त्याची गोष्ट एकमेकांना धरून असतात. भांडण असते ते गेम आणि खेळणारा यांच्यात, आणि तेही अर्धेच, कारण हात राजी असतात, मनच तेवढे नाराज असते. मराठीत पहिल्या प्रकाराला ‘विसंगती’ म्हणता येईल; या शेवटच्या प्रकाराला ‘नावड’ हा साधा शब्द पुरतो. म्हणीतल्या नावडतीचे मीठ अळणी लागते. येथे नावडतीच्या हातचे जेवण चविष्ट लागते एवढीच अडचण आहे, आणि तिच्यासाठी लॅटिन मुळांचा शब्द लागत नाही. मराठीतली आणखी एक पंचाईत अशी की ‘पार्श्वभूमी’ हा एकच शब्द आपण पूर्वपीठिकेलाही वापरतो आणि गेममधल्या स्थळकाळालाही, त्यामुळे ‘पार्श्वभूमी आवडली नाही’ या वाक्यातून वक्त्याला इतिहास खटकतो की जंगल, हे कळत नाही. मुले सरळ ‘सेटिंग’ म्हणतात, आणि ते बरे.

या नावडीची उलट बाजूही याच काळात पुढे आली. गेमच्या कथालेखनाचे काम करणाऱ्या एका लेखिकेने २००६ मधल्या मुलाखतीत असे सुचवले होते की ज्यांना संवाद नको त्यांना ते पुढे ढकलता येतात, तसे ज्यांना लढाई नको त्यांना लढाई पुढे ढकलण्याचे बटण असावे. सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, ती मुलाखत उकरून काढण्यात आली आणि त्या लेखिकेवर शिवीगाळीचा वर्षाव झाला. संवाद स्किप करणारे आणि तिला शिव्या देणारे बरेचसे एकच होते, असे मानायला जागा आहे. त्याच वर्षीच्या मास इफेक्ट ३ या गेममध्ये सुरुवातीलाच तीन पर्याय होते: एकात संभाषणे आपोआप पार पडत, एकात लढाया अगदी सोप्या होत, आणि तिसऱ्यात दोन्ही पूर्वीप्रमाणे असत. ज्या गोष्टीवरून बाहेर धुरळा उडाला होता ती एका मेनूत तीन ओळींत मावली होती.

आपल्याकडे हा विषय पबजीमुळे घरोघर पोचला, पण वेगळ्या दाराने. मुंबई उच्च न्यायालयात २०१९ च्या सुरुवातीस एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने जी जनहित याचिका झाली तिचा रोख हिंसेवर होता. सप्टेंबर २०२० मधली केंद्राची बंदी मात्र माहितीच्या सुरक्षेच्या कारणावरून आली. जुलै २०२१ मध्ये तोच गेम भारतीय नावाने परतला तेव्हा रक्त हिरवे झाले होते, ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ आले होते आणि हे आभासी जग आहे अशी सूचना ऐकू येत होती. कॉन्ट्रातल्या सैनिकांचे यंत्रमानव करणाऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी नेमके हेच केले होते. विमानातून उडी, घराघरांतून शस्त्रांची शोधाशोध, आवळत येणारे वर्तुळ यांतले काही बदलले नाही, आणि हिरव्या रक्तामुळे कोणी खेळणे सोडले किंवा सुरू केले असे आसपास तरी दिसले नाही.

अलीकडे हा बदल करण्याचा अधिकार थेट खेळाडूच्या हाती येऊ लागला आहे. अंगणातल्या गवतात मुंगीएवढे होऊन फिरण्याच्या २०२० च्या ग्राउंडेड या गेममध्ये कोळ्यांची भीती वाटणाऱ्यांसाठी एक पट्टी दिली आहे. ती सरकवत गेले की कोळ्याचे पाय गळत जातात आणि शेवटी हवेत तरंगणारा एक गोळा उरतो. कारखाने उभारण्याच्या सॅटिस्फॅक्टरी या गेममध्ये तीच सोय सुरू केली की अंगावर धावून येणाऱ्या कोळ्याच्या जागी मांजराचे चपटे छायाचित्र धावून येते. चावा पूर्वीइतकाच बसतो.