पथदिव्यांचे बिल, सौर दिवे आणि गायरान : ग्रामसभेतल्या प्रश्नांची पार्श्वभूमी

रस्त्यावरच्या दिव्यांचे थकलेले बिल कुणी भरायचे, बंद पडलेल्या सौर दिव्यांवर पुन्हा पैसे घालायचे का, आणि सौर प्रकल्पाला गायरान द्यायचे का, हे तीन प्रश्न राज्यातल्या अनेक ग्रामसभांमध्ये हल्ली एका दमात विचारले जातात. बातमी मात्र ‘गावकऱ्यांचा सौरऊर्जेला विरोध’ अशी छापून येते. भारनियमनात अर्धी रात्र अंधारात काढलेल्या माणसाला सौरऊर्जेचे महत्त्व कुणी पटवून द्यायची गरज नसते. गावाचा पैसा आणि गावाची जागा कशासाठी वापरायची हे वर कुठेतरी ठरते आणि गावाला ते मागाहून कळते, ही गावकऱ्यांची खरी तक्रार आहे. ती पथदिव्यांच्या बिलापासून सुरू झाली.

दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचे जुने काम. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात गावातल्या सार्वजनिक दिव्यांची सोय ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत आहे आणि घरपट्टीच्या पावतीवर ‘दिवाबत्ती कर’ असा वेगळा रकाना आजही असतो. १९६० मध्ये वीज मंडळ आले, पुढच्या दोन-तीन दशकांत खांब गावोगाव पोचले. खांब मंडळाचा, दिवा ग्रामपंचायतीचा आणि बिल मात्र जिल्हा परिषदेमार्फत शासनाकडून परस्पर चुकते, अशी वहिवाट पडली. सरपंचांच्या निवेदनांत या वहिवाटीचा उल्लेख हमखास असतो.

या सोयीची एक किंमत होती. बिल गावाच्या हातातच येत नसल्याने ते कुणी वाचले नाही. कित्येक ठिकाणी पथदिव्यांना मीटर नव्हते, होते तिथे बंद पडलेले होते, आणि सरासरीने आकारणी चालू राहिली. पथदिव्यांची तार वेगळी ओढलेली नसली की दिवे दिवसाही जळत राहतात. भर दुपारी पेटलेला दिवा पाहिला नाही असा माणूस ग्रामीण महाराष्ट्रात सापडणार नाही. हे सगळे वर्षानुवर्षे थकबाकीत जमा होत गेले.

७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले. तिचा इतिहास इथे सांगण्याची गरज नाही. एवढेच लक्षात ठेवावे की पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांच्या अकराव्या अनुसूचीत १४व्या क्रमांकावर ग्रामीण विद्युतीकरण आहे आणि लगेच १५व्यावर अपारंपरिक ऊर्जा. म्हणजे वीज आणि सौर हे दोन्ही विषय कागदावर तरी गावाच्या कक्षेत तीस वर्षांपासून आहेत.

सौर दिवे गावात खऱ्या अर्थाने दिसू लागले ते २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत. संध्याकाळी सारे गाव काळोखात आणि चावडीपुढचा एक खांब तेवढा उजळलेला, याचे कौतुक मोठे होते. आमदार निधी, जिल्हा परिषदेचा सेस, वस्ती सुधार योजना, जिथून पैसा मिळेल तिथून दिवे उभे राहिले. त्या दिव्यांची रचना अशी : वर पॅनल, खाली दिवा आणि खांबाला अडकवलेल्या लोखंडी पेटीत शिसे-आम्लाची बॅटरी. पॅनल वीस-पंचवीस वर्षे टिकते. बॅटरी चार-पाच वर्षांत दम तोडते, तीही वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घातले तर. अनेक गावांत ती त्याआधीच चोरीला गेली. दिवे बसवणाऱ्या योजनेत बसवण्याचा खर्च होता, बॅटरी बदलण्याचा नव्हता, आणि देखभालीच्या कराराची मुदत संपली की ठेकेदाराचा फोन लागत नसे. कुलूप तुटलेली रिकामी पेटी आणि वर शाबूत पॅनल असे खांब आजही उभे आहेत. नव्या सौर दिव्यांचा विषय निघाला की म्हातारी माणसे त्यांच्याकडे बोट दाखवतात आणि त्यांचे काहीही चुकत नाही. स्वच्छ ऊर्जेवरचा गावाचा पहिला मोठा खर्च अशा रीतीने वाया गेला, आणि तो का वाया गेला याचा हिशेब कुणी दिला नाही.

पैशाच्या बाबतीत गावाचे डोळे उघडले ते केंद्राच्या चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, २०१५ ते २०२० या पाच वर्षांत. निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने आराखडे झाले, शिवारफेरी झाली, आणि पुढच्या वर्षी कोणते गटार, कोणती शाळाखोली, किती दिवे हे ग्रामसभेत वाचले जाऊ लागले. २०२० पासून प्रत्येक ग्रामपंचायतीचा खर्च केंद्राच्या पोर्टलवर कुणालाही पाहता येतो. ग्रामसभेत मोबाइल हातात घेऊन ‘या बिलाची रक्कम एवढी कशी?’ असे विचारणारे तरुण त्यानंतरचे. आराखडा गावाने करायचा आणि पैसा आराखड्याप्रमाणे खर्च व्हायचा, अशी अपेक्षा याच काळात रुजली. पुढचा वाद समजायचा तर ही अपेक्षा ध्यानात घ्यावी लागते.

आता २०२१ चा निर्णय. मागचे-पुढचे सारे त्याच्याशी जोडलेले असल्याने त्यावर जरा थांबायला हवे.

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी २०२०-२१ पासून सुरू झाला तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. पूर्वी सगळा ग्रामपंचायतींना मिळणारा पैसा आता विभागला गेला : राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समित्या व जिल्हा परिषदांना. शिवाय निधीचे बंधित आणि अबंधित असे भाग पडले. पहिल्या वर्षी दोन्ही निम्मे-निम्मे होते. २०२१-२२ पासून बंधित ६० आणि अबंधित ४० टक्के. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाने आपल्या गरजेची कामे करावीत. पगार आणि आस्थापनेवर मात्र तो खर्च करू नये, ही अट.

त्याच सुमारास करोना आला. राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींची मुदत २०२० मध्ये संपत होती. तिथे प्रशासक बसले. आधीच्या आयोगाच्या निधीवरचे व्याज वर मागवून घेऊन त्यातून होमिओपॅथीच्या गोळ्या घ्यायचे ठरले, तेव्हाच गावांत कुरबुर सुरू झाली होती. निवडणुका १५ जानेवारी २०२१ ला झाल्या आणि नवे सरपंच फेब्रुवारीत खुर्चीवर बसले. घरपट्टीची वसुली टाळेबंदीत जवळजवळ थांबलेली, हातात उरलेला एकच भरवशाचा पैसा म्हणजे वित्त आयोगाचा. अशा वेळी, त्याच उन्हाळ्यात, वीज कंपनीने थकबाकीपोटी पथदिव्यांच्या जोडण्या तोडायला सुरुवात केली. राज्यभरची ही थकबाकी हजारो कोटींची होती. पश्चिम महाराष्ट्रापासून विदर्भापर्यंत गावेच्या गावे अंधारात गेली. काही ठिकाणी पाण्याच्या मोटारीही बंद पडल्या.

त्यावर जूनमध्ये ग्रामविकास खात्याने तोडगा काढला : पथदिव्यांचे बिल अबंधित निधीतून आणि पाणीपुरवठ्याचे बंधित निधीतून भरावे.

शासनाची बाजू कच्ची नव्हती. दिवाबत्ती कायद्यानेच ग्रामपंचायतीचे काम आहे, ती दिवाबत्ती कर घेते, मग बिल राज्याने का भरावे? वीज कंपनीलाही वीज विकत घ्यावी लागते. थकबाकीचा भार शेवटी नियमित बिल भरणाऱ्या ग्राहकावरच येतो. निधी पंचायतीच्या विषयावरच खर्च होतो आहे, तेव्हा आयोगाच्या अटींचा भंगही नाही.

गावांचे म्हणणे वेगळे होते आणि माझ्या मते ते जास्त वजनदार होते. चालू बिल भरायला बहुतेकांची ना नव्हती. ज्या काळात बिल गावाच्या हातातच नव्हते त्या काळची थकबाकी, तीही मीटर नसताना सरासरीने लावलेली आणि वर व्याज चढलेली, ती विकासाच्या निधीतून का भरायची? आधी मीटर बसवा, दिव्यांची संयुक्त मोजणी करा, बिल दुरुस्त करून द्या, मग पुढचे बोलू, अशी मागणी निवेदनांतून तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे गेली. काही ग्रामपंचायतींनी गावातल्या वीज खांबांवर आणि रोहित्रांवर कर लावायचे ठराव घेतले. तुम्ही आमच्या जागेत खांब रोवता, मग आमचेही देणे लागता, हा त्यामागचा विचार.

याहून मोठा प्रश्न आराखड्याचा होता. ४० टक्क्यांतली कामे ग्रामसभेने आधीच ठरवलेली होती. ग्रामसभेचे अधिकार पाहिले तर विकासाच्या योजना हाती घेण्यापूर्वी तिची मान्यता आणि त्यावरच्या खर्चाला तिची परवानगी लागते. इथे वरून आलेल्या एका आदेशाने आराखड्यातली कामे मागे गेली आणि ग्रामसभेपुढे विषय आला तो बिल भरून झाल्यावर, जमाखर्चाच्या वाचनात. अंगणवाडीची दुरुस्ती कुठे गेली, असे एखाद्या बाईने विचारले तर ‘लाइट बिलात गेली’ हे उत्तर तिला ऐकावे लागले. लहान गावांना याचा चटका जास्त बसला, कारण निधी मुख्यतः लोकसंख्येवर मिळतो आणि वाडी-वस्त्यांवर विखुरलेल्या लहान गावाला माणशी खांब जास्त लागतात.

बिलाचा हा बोजा अंगावर आल्यावर सौर दिव्यांचा विषय पुन्हा वर आला, आणि या वेळी गावकऱ्यांकडूनच. बिलच नको तर सौर बसवू, हा साधा हिशेब. दिवेही बदलले होते : पॅनल, एलईडी आणि लिथियम बॅटरी एकाच साच्यात, पाणी घालायची कटकट नाही. तरी जुन्या रिकाम्या पेट्या लोक विसरले नव्हते. म्हणून हल्लीच्या ठरावांत देखभालीची मुदत, बॅटरीची हमी, पुरवठादाराचा पत्ता अशा गोष्टी लिहून घेण्याचा आग्रह दिसतो. साताऱ्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून पुढे आली आणि जमते, हे लोकांना दिसले. ते गाव लहान आणि एकजुटीचे आहे. तिथला कित्ता पाच हजार वस्तीच्या गावात गिरवायचा तर देखभालीचा पैसा आधी बाजूला काढावा लागेल.

तिसरा धागा गायरानाचा. शेतीच्या वाहिन्यांना दिवसा सौर वीज देण्याची राज्याची योजना २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा मोठा दुसरा टप्पा आला. दिवसा पाणी द्यायला मिळणे ही शेतकऱ्याची जुनी मागणी आहे. रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत दारे धरणाऱ्याला तिची किंमत ठाऊक असते. या योजनेत खासगी जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. शासकीय जमीन, म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान, वार्षिक एक रुपया या नाममात्र दराने दिली जाते. ग्रामपंचायतीला प्रोत्साहन म्हणून वर्षाला ५ लाख, तेही तीन वर्षे.

गावकरी इथे थांबतात आणि आकडेमोड करतात. पाच मेगावॅटच्या प्रकल्पाला ढोबळमानाने दहा हेक्टर जागा लागते. तीच जागा खासगी असती तर पहिल्याच वर्षी साडेबारा लाख भाडे आले असते आणि प्रकल्पाच्या आयुष्यभर वाढत गेले असते. गायरान असल्यामुळे गावाला मिळतात एकूण १५ लाख, आणि चराई कायमची जाते. ज्या गावाने नुकतीच आपल्या विकास निधीतून वीज कंपनीची जुनी थकबाकी भरली, त्याच गावाला आता विजेसाठी आपली जमीन जवळजवळ फुकट द्यायला सांगितले जाते. मेंढपाळ आणि भूमिहीन पशुपालक यांचे तर त्या जागेशिवाय चालतच नाही, आणि ग्रामसभेत त्यांचा आवाज सर्वांत हळू असतो.

गायरानाबद्दल नियम कडक आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या निकालानंतर त्याच वर्षी १२ जुलैला राज्याने गायराने वाटण्यावर निर्बंध आणले. पुढे जमीन महसूल संहितेत कलम २२-अ आले. दुसरी योग्य शासकीय जमीन नसेल तरच सार्वजनिक प्रकल्पासाठी गायरान वळवता येते. ‘दुसरी जमीन नाही’ हे कुणी आणि कसे तपासले, हाच प्रश्न आता ठरावांत विचारला जातो. यात एक सल आणखी आहे. २०२२ च्या शेवटी उच्च न्यायालयातल्या प्रकरणानंतर गायरानावर राहणाऱ्या हजारो कुटुंबांना घरे पाडण्याच्या नोटिसा गेल्या होत्या. राज्यभरात अशी दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याचे सांगितले गेले. वर्ष उलटायच्या आत गायरानाचे सर्व्हे नंबर सौर प्रकल्पांच्या यादीत आले. गरिबाच्या दोन खोल्यांना जी जागा मोकळी नव्हती ती पॅनलना कशी झाली, या प्रश्नावर सभेत बसलेल्या तलाठ्याकडे उत्तर नसते.

ग्रामसभेच्या ठरावाला किती मान द्यायचा, हेही अजून सुटलेले नाही. अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रात तिथल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम ग्रामसभेला जमीन आणि नैसर्गिक संसाधनांबाबत अधिक भक्कम स्थान देतात. बाहेरच्या गावात ग्रामसभा जमिनीबाबत आपले म्हणणे कळवू शकते. त्यापुढचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचा काही भागच अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन गावांनी घेतलेल्या एकसारख्या ठरावांचे कायदेशीर वजन निरनिराळे ठरू शकते. भाड्याची रक्कम खासगी दराने थेट ग्रामनिधीत यावी आणि पथदिवे व पाणीपुरवठ्याची वीज प्रकल्पातूनच मिळावी, या मागण्या २०२१ च्या बिलातून आलेल्या आहेत, आणि त्यावर लेखी उत्तर मिळाल्याशिवाय ठराव द्यायचा नाही, अशी गावकऱ्यांची भूमिका आहे.