लॅपटॉपच्या सातबाऱ्यावरचं जुनं नाव

भाचीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तिच्यासाठी मी एक जुना लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारून दिलाय. बिनधास्त न्या." घरी आणून चालू केला. पडद्यावर 'अ‍ॅडमिन' हे नाव, पासवर्ड नाही, डेस्कटॉप लख्ख. भाची खूश. पण उतरवलेली एक फाइल कुठे गेली ते शोधताना तिने सी ड्राइव्हमधलं 'यूजर्स' फोल्डर उघडलं आणि हाक मारली, "मावशी, हे कोण गं?" तिथे 'अ‍ॅडमिन' नावाचं फोल्डर नव्हतंच. होती फक्त पाच इंग्रजी अक्षरं, कुणाच्या तरी नावाची, मधेच तुटलेली.

ब्राउझर उघडला तर कोपऱ्यातल्या छोट्या गोलात एका बाईंचा फोटो. त्यांच्या खात्यातलं लॉग-इन तसंच चालू होतं. अजून एक क्लिक केलं असतं तर त्यांची पत्रं माझ्यासमोर आली असती. मी ब्राउझर बंद केला. त्या बाईंनी लॅपटॉप देताना विश्वासाने पासवर्डही सांगून ठेवला होता, हे नंतर कळलं. दुकानात काय झालं होतं? फोटो आणि कागदपत्रं डिलीट केली, पासवर्ड काढला, खात्याचं नाव बदललं, आणि या सगळ्याला 'फॉरमॅट' म्हटलं.

ती पाच अक्षरं कुठून आली, ते सांगते. विंडोज बसवताना मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याने प्रवेश केला की विंडोज त्या ईमेलची पहिली पाच अक्षरं घेऊन तुमच्या फोल्डरला नाव देतं. पुढे खात्याचं नाव कितीही वेळा बदला, फोल्डरचं नाव बदलत नाही. आणि याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी जुना संगणक घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी असं मला वाटतं: संगणक माणसाला नावाने ओळखतच नाही.

खातं तयार होताना विंडोज त्याला एक लांबलचक क्रमांक देतं. तो 'एस-१-५-२१' असा सुरू होतो, मग तीन मोठ्या संख्या येतात, आणि शेवटी त्या खात्याचा स्वतःचा आकडा. मधल्या तीन संख्या त्या यंत्रावरच्या विंडोजची ओळख. शेवटचा आकडा ५०० असेल तर ते मूळचं प्रशासक खातं, ५०१ असेल तर पाहुण्याचं, आणि आपण तयार केलेली खाती १००० पासून पुढे. कोणती फाइल कुणाची, कोण उघडू शकतो, कोण पुसू शकतो, हे सगळं प्रत्येक फाइलसोबत या क्रमांकाने लिहिलेलं असतं. 'अ‍ॅडमिन' हे नाव म्हणजे दारावरची पाटी. दुकानदाराने पाटी बदलली. खातं तेच राहिलं, क्रमांक तोच राहिला, आणि त्या क्रमांकाला बांधलेलं सगळं जिथल्या तिथे राहिलं.

खातं रीतसर काढून टाकलं तरी गंमत बघा. एखाद्या उरलेल्या फाइलचे गुणधर्म उघडले तर मालकाच्या जागी 'अज्ञात खाते' आणि पुढे तो लांब क्रमांक दिसतो. नाव आणि क्रमांक यांची जोडी लावणारी नोंद गेली, पण फाइलीवरचा शिक्का गेला नाही. उलट चूकही लोक नेहमी करतात. खातं तसंच ठेवून फक्त फोल्डर हाताने डिलीट करतात. मग विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, त्या क्रमांकापुढे नसलेल्या फोल्डरचा पत्ता राहतो, आणि त्या खात्याने पुन्हा आत शिरलं की विंडोज गोंधळून 'तात्पुरतं प्रोफाइल' उघडून देतं. त्यात केलेलं काम लॉग-आउट करताच नाहीसं होतं.

हे मला फार ओळखीचं वाटतं, कारण आपल्याकडे जमिनीचं असंच असतं. जमीन विकली की फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर नवं नाव चढतं. जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नोंद वाचणाऱ्याला आधी कोण होतं ते कळतंच.

लॅपटॉपमध्ये अशा कंसातल्या नोंदी जागोजागी असतात. आधीचे मालक कोणकोणत्या वायफायला जोडले होते, त्यांची नावं आणि पहिल्यांदा कधी जोडले ती तारीख रजिस्ट्रीत असते. कुठले पेन ड्राइव्ह लावले होते, तेही. फोटो डिलीट केले तरी त्यांची बोटभर चित्रं, जी फोल्डर उघडल्यावर झरझर दिसावीत म्हणून विंडोजने आधीच बनवून ठेवलेली असतात, ती वेगळ्या साठ्यात शिल्लक राहू शकतात. 'विनव्हर' ही आज्ञा दिली तर उघडणाऱ्या छोट्या चौकटीत विंडोज कुणाच्या नावे नोंदलंय ते लिहिलेलं असतं, आणि तिथेही अनेकदा जुनंच नाव निघतं.

ही एकेक नोंद शोधून पुसत बसावं का? मी सांगेन, नको. रजिस्ट्री साफ करून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी तर मुळीच लागू नका. पाचपन्नास नोंदी पुसाल, एखादी नको ती पुसाल आणि विंडोज आजारी पडेल. शिवाय जुन्या मालकाच्या काळात एखादं वाईट सॉफ्टवेअर शिरलेलं असेल, तर ते वरवरच्या झाडलोटीत निघत नाही. 'माझ्या फाइल्स ठेवा' असं सांगून केलेला रीसेटही, म्हणजे विंडोजने स्वतःच स्वतःला नव्याने बसवणंही, इथे उपयोगाचा नाही. त्या फाइल्स तुमच्या नाहीतच.

सगळं पुसून नव्याने बसवणं हाच मार्ग. पण 'सगळं पुसणं' म्हणजे काय, इथे खरं विज्ञान सुरू होतं.

डिस्कवर फाइल जिथे असते ती जागा वेगळी आणि तिची नोंद वेगळी. विंडोज डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडतं तिला एनटीएफएस म्हणतात; तीत प्रत्येक फाइलची नोंद एका मोठ्या तक्त्यात असते, साधारण १ केबीची एक नोंद. फाइल डिलीट केली की त्या नोंदीवर 'वापरात नाही' एवढी खूण होते आणि तिची जागा मोकळी जाहीर होते. मजकूर तिथेच पडून असतो, दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. पेन ड्राइव्हवरची जुनी फॅट पद्धत तर याहून साधी. ती फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर बदलते आणि जागा मोकळी जाहीर करते. म्हणून १९९१ च्या एमएस-डॉस ५ मधली 'अनडिलीट' आज्ञा फाइल परत आणताना विचारायची, 'पहिलं अक्षर काय होतं?' बाकी सगळं तिला सापडलेलं असायचं.

एनटीएफएसची आणखी एक खोड आहे. फाइल अगदीच लहान असेल, काही शे बाइटची, तर तिला वेगळी जागा मिळत नाही. मजकूर तक्त्यातल्या नोंदीतच मावतो. आता विचार करा, पासवर्ड लिहून ठेवलेली दोन ओळींची नोट किती मोठी असते? ती डिलीट केली तरी त्या नोंदीवर नवी फाइल चढेपर्यंत शब्दन् शब्द तिथेच.

आणि 'क्विक फॉरमॅट'? तो तलाठ्याचं दफ्तर बदलतो, शेताला हात लावत नाही. कोऱ्या नोंदवहीमुळे डिस्क रिकामी दिसते, पण पीक उभंच असतं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्यं लिहितो. म्हणून एक काही सेकंदांत होतो आणि दुसऱ्याला काही तास लागतात. दुकानात पाच मिनिटांत 'फॉरमॅट' झाला असेल तर कोणता झाला ते ओळखायला तंत्रज्ञ लागत नाही.

अमेरिकेत सिमसन गार्फिंकल आणि अभी शेलाट या दोघा संशोधकांनी हे मोजून दाखवलं. त्यांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध केले. १२९ डिस्क चालत होत्या. त्यांपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत पत्रं होती, क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते, आणि एक डिस्क तर एटीएम यंत्रातली असावी, कारण तिच्यात खातेक्रमांक आणि शिल्लक रकमाच होत्या. त्या डिस्क विकणाऱ्यांतल्या बहुतेकांना आपण पुसून दिली असंच वाटत असणार. आमच्या दुकानदारालाही तसंच वाटलं होतं.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कसाठी उपाय सरळ आहे: सगळ्या डिस्कवर एकदा शून्यं लिहा. शेत एकदा नीट नांगरलं की झालं. इंटरनेटवर 'पस्तीस वेळा पुसा' असा सल्ला मिळेल. तो संगणकतज्ज्ञ पीटर गटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून आलेला आहे, पण ते पस्तीस फेरे त्या काळातल्या वेगवेगळ्या जातींच्या डिस्कसाठी मिळून होते. एकाच डिस्कवर ते सगळे करण्यात अर्थ नाही, हे पुढे गटमन यांनीच लिहिलं.

आजच्या लॅपटॉपमधली एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क, मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिच्यात पानं असतात आणि अनेक पानांचा एक ठोकळा असतो. लिहिता येतं एकेका पानावर, पण पुसायचा तर अख्खा ठोकळाच पुसावा लागतो, आणि ठराविक वेळा पुसला की तो झिजतो. सगळे ठोकळे सारखे झिजावेत म्हणून एसएसडीतली चिप दर वेळी नवी जागा शोधते. तुम्ही म्हणता 'या फाइलवर शून्यं लिही', ती शून्यं दुसरीकडेच लिहिते आणि जुनं पान 'नंतर पुसू' म्हणून बाजूला ठेवते. त्यात काही जागा संगणकाला दिसतच नाही, ती चिपने राखीव ठेवलेली असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये चिपा उचकटून थेट वाचल्या, तेव्हा एकेक फाइल पुसण्याचा एकही सॉफ्टवेअर उपाय एसएसडीवर भरवशाचा ठरला नाही. आता डिलीट होताच विंडोज 'ट्रिम' नावाची सूचना देऊन एसएसडीला कळवतं की ही पानं नकोत, आणि बरंचसं लवकर साफ होतं. तरी कधी पुसायचं ते चिपच ठरवते. म्हणून एसएसडीला तिच्याच भाषेत 'सगळं पुसून टाक' असं सांगणारी आज्ञा वापरावी. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ती 'सिक्युअर इरेज' नावाने असते.

याहून देखणी युक्ती एन्क्रिप्शनची. डिस्कवरचा सगळा मजकूर पहिल्या दिवसापासून कुलपात असेल, तर मजकूर पुसावाच लागत नाही, किल्ली पुसली की पुरे. विंडोजचं असं कुलूप म्हणजे बिटलॉकर, ते सहसा १२८ बिटांची किल्ली वापरतं. अशा शक्य किल्ल्या किती? ३४ वर ३७ शून्यं. एकेक लावून बघायची म्हटली तर जगातले सगळे संगणक कमी पडतील. अलीकडच्या मॅकमध्ये डिस्क कायमच एन्क्रिप्ट केलेली असते, त्यामुळे 'सगळा मजकूर आणि सेटिंग्ज पुसा' म्हटल्यावर काही मिनिटांत काम होतं.

एवढं करूनही एक जागा उरते, आणि ती लॅपटॉपमध्ये नसतेच. हरवलेलं यंत्र शोधून देणारी 'फाइंड माय' सोय चालू असलेल्या आयफोन-मॅकची नोंद अ‍ॅपलच्या सर्व्हरवर मालकाच्या खात्याखाली असते. डिस्क कितीही पुसा, मॅक पुन्हा चालू झाला की सर्व्हरला विचारतो आणि जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो. विंडोजमध्ये हे प्रामुख्याने कंपन्यांच्या लॅपटॉपचं होतं. कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या 'ऑटोपायलट' योजनेत नोंदवलेला लॅपटॉप नव्याने बसवून इंटरनेटला जोडला की पडद्यावर कंपनीचं नाव येतं आणि तिथला ईमेल मागितला जातो. ही ओळख यंत्राच्या मदरबोर्डपर्यंत, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटपर्यंत, पोचलेली असते, डिस्क बदलून सुटत नाही. बाजारातले कितीतरी जुने लॅपटॉप कंपन्यांनीच काढून टाकलेले असतात, तेव्हा हे दुकानातच इंटरनेट जोडून बघा. बायोसचा पासवर्डही तिथेच बघून घ्या, तो डिस्कवर नसतो. या कुलपांना पळवाटा शोधू नका. चोरीचा माल विकला जाऊ नये म्हणूनच ती आहेत. इथे फेरफाराला जुन्या मालकाचीच सही लागते, आणि ती मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

आमच्या दुकानदाराने, त्याचं कौतुक करायला हवं, लगेच त्या बाईंना फोन लावून दिला. ब्राउझर उघडाच राहिला होता हे ऐकून त्या गप्प झाल्या. मग विचारलं, "तुम्ही काही बघितलंत?" मी म्हटलं, "फोटोतला चेहरा दिसला, मग बंद केला." त्यांनी फोनवरूनच मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन यंत्रांच्या यादीतून हा लॅपटॉप काढला, सगळीकडून लॉग-आउट केलं, पासवर्ड बदलले. पुसण्याआधी काही हवंय का, असं मी विचारलं. नको म्हणाल्या, सगळं आधीच उतरवून घेतलं होतं.

मग रात्री बायोसमधून एसएसडी पुसली. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज एका आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घेतलं होतं, त्यावरून सुरुवात केली आणि डिस्कचे उरलेसुरले सगळे भाग काढून नव्याने बसवलं. विंडोजच्या परवान्याची काळजी नव्हती, तो बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच लिहिलेला असतो. हे जमणार नसेल तर सेटिंग्जमधला रीसेट, 'सगळं काढून टाका' आणि त्यातच 'डेटा क्लीन करा', हाही घरगुती वापराला चांगला आहे.

तासाभराने भाचीने स्वतःच्या ईमेलने प्रवेश केला आणि पहिल्यांदा काय उघडलं असेल तर 'यूजर्स'. तिच्या नावाची पहिली पाच अक्षरं, मधेच तुटलेली. तिचा चेहरा पडला. मग आम्ही ऑनलाइन खात्याशिवायचं एक साधं खातं तिच्या पूर्ण नावाने तयार केलं, त्याला प्रशासकाचे अधिकार दिले आणि पहिलं खातं काढून टाकलं, या वेळी रीतसर. आता फोल्डरवर तिचं नाव सगळंच्या सगळं आहे. खात्याच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा १००२.